टी-शर्टच्या कापडावर टाके सुटतात, गळा उभा राहतो. साध्या मशीनवर काय करावे?

म्हापसेकरीण: शुक्रवारच्या बाजारातून सुती सिंगल जर्सी आणली, त्यात थोडी लायक्रा (रबरासारखा ताणणारा धागा) आहे. आठ वर्षांच्या मुलीचा टी-शर्ट शिवायचा आहे. मशीन पायाचे, फक्त सरळ टाक्याचे. सुई १६ नंबर, दोरा सुती. बगलेच्या शिवणीत मध्ये मध्ये टाकाच पडत नाही. डोक्यातून घालताना गळ्याचा दोरा तुटतो आणि पट्टी अंगाला न बसता उभी राहते. ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधत शिवणारे मशीन) नाही.

फोंड्याची शिवण: ताई, आधी सुई बदला. होजिअरीचे, म्हणजे जर्सीसारखे कापड फाशांनी विणलेले असते. टोकदार सुई फासा भोसकते, पुढे तिथेच भोक वाढते. बॉलपॉइंट सुईचे टोक गोलसर असल्याने ती फाशांमधून वाट काढते. लायक्रा असल्यास दुकानात 'स्ट्रेच' सुई मागा, ७५/११ (म्हणजे ११ नंबर). घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची लागते. कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची आणू नका.

टाका का पडत नाही? लवचीक कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर येते, दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि खालचा दोरा अडकवणाऱ्या शटलच्या टोकाला तो सापडत नाही. दाबदांडीच्या (कापड दाबणारा पाय धरणाऱ्या दांडीच्या) डोक्यावरचा स्क्रूही थोडा सैल करा. दाब जास्त असला की खालचे दाते एक थर ओढतात, वरचा मागे राहतो आणि शिवणीला लाटा येतात.

सुती दोरा इथे नकोच, पॉलिस्टर घ्या. टाका २ मिमी ठेवा, वरचा ताण थोडा कमी करा. बगल शिवताना कापड पुढून-मागून अगदी हलके ताणून धरा, म्हणजे शिवणीत दोरा जास्त जातो आणि ती ताण सोसते. खांद्यावर मात्र उलटे: तिथे कापड अजिबात ताणायचे नाही, शिवणीत सुती नाडपट्टी धरा, नाहीतर खांदे उतरतात.

कटिंग_मडगाव: गळ्याची पट्टी तुम्ही गळ्याएवढीच कापली असणार, म्हणून ती उभी राहते. शिवणीच्या रेषेवर घेर मोजा. तो ५४ सेमी असेल तर त्याच जर्सीची पट्टी ४६ ते ४८ सेमी, अधिक जोडाचे मार्जिन. रिब (उभ्या रेघांचे, जास्त ताणणारे विणलेले कापड) असेल तर आणखी एक-दोन सेमी कमी. पट्टी आडवी कापा, जास्त ताण त्याच दिशेला असतो. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार समान भाग करून टाचण्या लावा आणि पट्टी वर ठेवून फक्त तीच ताणा. शेवटी वाफेची इस्त्री दाबून उचला, फिरवू नका.

म्हापसेकरीण: सुई-दोरा बदलला तरी सरळ टाका डोक्यातून जाताना टिकेल का?

कटिंग_मडगाव: अरुंद गळ्याला नाही. मुलीच्या डोक्याचा घेर मोजा. गळा न ताणता तेवढा होत असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर डाव्या खांद्यावर फट ठेवून दोन टिचबटणे लावा. झिगझॅग मशीन मिळाले तर १ मिमी रुंद, २.५ मिमी लांब टाका याहून चांगला.

फोंड्याची शिवण: एक राहिलेच, कापण्याआधी कापड धुवा. सुती जर्सी लांबीत आटते. पावसाळ्यात ओले कापड दोरीवर टांगून ठेवले तर वजनाने लांबते; चादरीवर आडवे पसरून पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. कडा गुंडाळतात म्हणून कापताना वजने ठेवा. उलट-सुलट कळत नसेल तर आडवी कापलेली कड ताणा, ती सुलट बाजूकडे वळते.

उरलेल्या तुकड्यावर एक शिवण घालून जोरात ताणून पाहा. तुटली तर टाका आणखी आखूड, ताण आणखी सैल. फुटबॉल जर्सीचे पॉलिस्टर असले तर हेच सगळे, फक्त इस्त्री कोमट आणि मध्ये सुती फडका.