विथड्रॉवलवर भरवसा, पाळी चार दिवस पुढे. सल्ला हवाय

अळूवडी
घरात सासूबाई आहेत आणि आमच्या फॅमिली डॉक्टर त्यांच्याच भिशीतल्या मैत्रीण, म्हणून इथे विचारतेय. वय २९, मुलगा आठ महिन्यांचा. अंगावर पाजते, वरणभातही सुरू झालाय. बाळंतपणानंतर पाळी दोनदा आली, तिसरी चार दिवस पुढे गेलीय. नवऱ्याला कंडोम नको असतो, त्यामुळे सगळा कारभार 'वेळेवर बाहेर' या भरवशावर. शेवटचा संबंध १८ दिवसांपूर्वी. तो शपथेवर सांगतो की झालं ते बाहेरच, आत गेलं असेल तर आधीचं ते चिकट पाणी. तेवढ्याने दिवस राहतात का? आणि राहिले नसतील तर पुढे काय वापरावं? गोळ्यांनी दूध आटतं असं ऐकलंय.

टपरीवरचा_चहा
आम्ही सहा वर्षं हेच करतोय, काही झालं नाही. उगाच टेन्शन घेऊ नका. आणि पाजत असताना तसंही राहत नाही.

शेंडेफळाची_आई
चहावाल्यांना नमस्कार. आम्हीही चार वर्षं 'काही होत नाही' म्हणायचो. आमचं 'काही होत नाही' आता पहिलीत आहे आणि वजाबाकीला रडतं.

सिस्टर_नाईट_ड्युटी
पाजताना राहत नाही हे तिन्ही गोष्टी जुळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध (रात्रीही), आणि पाळी परत सुरू झालेली नाही. अळूवडी, तुमच्याकडे तिन्ही नाहीत.

आता ते पाणी. ते येतं मूत्रमार्गाजवळच्या छोट्या ग्रंथींमधून, आणि तिथे शुक्राणू तयार होत नाहीत. म्हणून 'त्यात काहीच नसतं' हा समज पसरलाय. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांचं हे पाणी तपासलं, तर ११ जणांच्या पाण्यात शुक्राणू सापडले आणि त्यातल्या १० जणांचे हालचाल करणारे होते. म्हणजे काहींच्यात असतात, काहींच्यात नसतात, आणि आपला नवरा कुठल्या गटातला हे घरी बसून कळत नाही. मध्ये लघवी करून आलं की मार्ग साफ, असं सांगतात. त्यावरही विसंबू नका. बाईच्या शरीरात शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, त्यामुळे 'सेफ दिवसां'चा हिशेबही कच्चा. आणि बाळंतपणानंतर पाळी अजून मार्गी लागलेली नसते, तेव्हा तर फारच.

तरी एकट्या त्या पाण्याने दिवस राहण्याची शक्यता कमीच. खरी गडबड होते ती एक क्षण उशीर होण्यात, किंवा बाहेर पण योनीच्या तोंडाशीच सांडण्यात. वर्षभर याच पद्धतीवर राहणाऱ्या १०० जोडप्यांपैकी साधारण २० जणांकडे दिवस राहतात. दर वेळी अगदी अचूक जमलं तरी ४. कंडोम रोजच्या वापरात १३ च्या आसपास, तांबी (कॉपर-टी) एकापेक्षा कमी.

आज स्ट्रिप आणा. सकाळची पहिली लघवी, पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघायचं. अर्ध्या तासाने कचऱ्याच्या डब्यातून काढून 'फिकट रेघ दिसतेय का' हे करू नका, वाळल्यावर उमटलेली रेघ धरत नाहीत. निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधाला २१ दिवस उलटल्यावर परत करा. ७२ तासांच्या गोळीची वेळ केव्हाच गेली. आणि कोणी पपई-तीळ सुचवायच्या आत सांगते, नको.

पॉझिटिव्ह आली आणि नको असेल, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, मान्यताप्राप्त केंद्रात जा. गर्भनिरोधक फसलं हे कायद्यात धरलेलं कारण आहे, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.

कोल्हापुरी_पायताण
पुरुष म्हणून एक सांगू? ते पाणी कधी आलं हे आम्हाला कळतच नाही हो ताई. तुमचे मिस्टर शपथ घेतायत ती खोटी नसेल, पण ज्याचा पत्ता लागत नाही त्याची शपथ काय घेणार. मी पातळ कंडोम आणि साइज बदलून बघितला, 'नको'तलं निम्मं तिथंच संपलं.

शेंडेफळाची_आई
पुढचं मी सांगते, मी तांबीवाली. ३८० ए, दहा वर्षांची, सरकारी दवाखान्यात फुकट. बसवताना जोरात कळ आली, नंतर दोन दिवस कंबर धरली. पहिले तीन महिने पाळीला अंगावरून जास्त जायचं, मग सरळ. दुधावर काही परिणाम नाही.

सिस्टर_नाईट_ड्युटी
तांबी नको असेल तर छाया गोळी. हार्मोन नाही, पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते, तेव्हा घाबरायचं नाही. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही चालतं. दुधाची अडचण आहे ती माला-एनसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांची, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत.

टपरीवरचा_चहा
१०० त २०? बायकोला दाखवला धागा. आज कंडोम आणायला सांगितलंय.

अळूवडी
आज सकाळी केली. बाथरूमचं दार लावून, मोबाइल नळावर टेकवून टायमर लावला. एकच रेघ. मुलगा बाहेरून दार बडवत होता. नवऱ्याला सिस्टरचा प्रतिसाद वाचायला दिला, बराच वेळ गप्प होता. दुसरी स्ट्रिप रविवारी.

अळूवडी
दुसरी लागलीच नाही, शनिवारी रात्री पाळी आली. सगळ्यांचे आभार. तांबी बसवायचं ठरतंय. बाळाला दवाखान्यात सोबत नेलं तर चालतं का?

सिस्टर_नाईट_ड्युटी
चालतं. पाळीच्या दिवसांतच जा. धरायला नवऱ्याला न्या.