सेमिनोमा (वृषणाचा एक कॅन्सर), स्टेज 1 (आजार वृषणापुरताच): ऑपरेशननंतर कार्बोप्लॅटिन घ्यावे की नुसत्या तपासण्या?

कृष्णाकाठ
धाकट्या भावाचे (वय 31) डावे वृषण जांघेतून छेद घेऊन काढले. रिपोर्ट: प्युअर सेमिनोमा (दुसऱ्या प्रकारच्या पेशी नाहीत), 4.6 सेंमी, रेटी टेस्टिसमध्ये (वृषणातून शुक्रजंतू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जाळे) शिरकाव, रक्तवाहिन्यांत नाही. छाती-पोटाचा सीटी स्वच्छ. ऑपरेशनआधी बीटा एचसीजी 38, एएफपी नॉर्मल (दोन्ही रक्तातले कॅन्सरचे मार्कर). ऑन्कोलॉजिस्टनी दोन पर्याय दिलेत: कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा एकच डोस, किंवा औषध न देता ठरावीक तपासण्या. घरचे म्हणतात, कॅन्सर आहे तर औषध नको कसे? त्याचे लग्नही ठरले आहे. निर्णय कशाच्या जोरावर घ्यावा? आणि रेडिएशनचे नाव कोणी का काढत नाही?

सूक्ष्मदर्शी
आधी ऑपरेशननंतरचे मार्कर बघा, ते तुम्ही लिहिलेले नाहीत. बीटा एचसीजी दर 1 ते 3 दिवसांनी निम्मे व्हायला हवे, म्हणजे 38 काही आठवड्यांत नॉर्मल यायलाच पाहिजे. अडून राहिले किंवा वाढले, तर सीटी स्वच्छ असूनही हे साधे स्टेज 1 नाही आणि वरचे दोन्ही पर्याय बाद. एएफपी खरोखर वाढलेले निघाले तर तो प्युअर सेमिनोमा नव्हेच. मात्र लिव्हरच्या आजारानेही एएफपी वाढते, ते तपासून घ्यावे.

दुसरे, स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) घेऊन वृषणाच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्या. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड तपासून मिळतात. रेटीच्या नळ्यांच्या अस्तरातून पेशी सरकणे वेगळे आणि मधल्या ऊतीत घुसणे वेगळे. धोक्यात मोजायचे ते दुसरे. सेमिनोमा ठिसूळ असतो, नमुना कापताना पेशी रक्तवाहिनीत ढकलल्या जातात आणि नसलेला शिरकाव रिपोर्टात येतो.

चाफा
रिपोर्ट असाच कायम राहिला असे धरून लिहिते. 4 सेंमीपेक्षा मोठी गाठ आणि रेटीत शिरकाव, दोन्ही असतील तर नुसत्या तपासण्यांवर आजार उलटण्याचा धोका जुन्या अभ्यासांत सुमारे 30 टक्के आहे. दोन्ही नसतील तर 12 च्या आसपास. कार्बोप्लॅटिनने तो बराच खाली येतो. सगळे स्टेज 1 सेमिनोमा एकत्र धरले तर 5 टक्क्यांच्या आसपास. पण जीव वाचण्याचे प्रमाण दोन्ही वाटांनी 99 टक्क्यांच्या जवळ आहे, आणि घरच्यांना हेच समजावून सांगा. औषध न घेणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. दहापैकी सात जणांना त्या औषधाची गरजच नसते. उरलेल्या तिघांना वेळेवर पकडले की ते बरे होतात, मात्र त्यांना बहुधा बीईपीच्या तीन सायकली लागतात: सिस्प्लॅटिन, इटोपोसाइड, ब्लिओमायसिन. कान, किडनी, फुप्फुसे यांवर त्याचा भार एका कार्बोप्लॅटिनपेक्षा खूप जास्त.

डोस ठरला तर तो नीट ठरवून घ्या. एयूसी (शरीराला एकूण किती औषध मिळते त्याचे माप) 7 असावा, सूत्र 7 × (जीएफआर + 25). जीएफआर म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग. जीएफआर 110 असेल तर 945 मिलिग्रॅम. क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज चुकू शकतो, म्हणून जमल्यास डीटीपीए स्कॅनने (किडनीच्या कामाचा स्कॅन) जीएफआर मोजा. आकडा मोठा दिसतो म्हणून डोस कमी करू देऊ नका. कमी डोसने औषधाचा त्रास होतो, संरक्षण मिळत नाही. प्लेटलेट साधारण तिसऱ्या आठवड्यात सर्वांत खाली जातात, तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवा.

डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवाच. 2-3 दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने. उरलेले वृषणही मुळातच कमी काम करणारे असू शकते.

अनुस्वार
रेडिएशनबद्दल: 20 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), 10 बैठकांत, पोटातल्या महाधमनीलगतच्या लसिका गाठींवर. काम चोख करते. पण तिशीतल्या माणसाला पुढे त्याच भागात दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. एका कार्बोप्लॅटिनची रेडिएशनशी थेट तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत निकाल बरोबरीचा आला, तेव्हापासून ते मागे पडले.

तपासण्यांची वाट धरायची तर भाऊ त्या करील का, हाच माझ्या मते खरा प्रश्न आहे. पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पोटाचा सीटी, पुढे अंतर वाढते, अधूनमधून मार्कर. बहुतेक वेळा आजार तीन वर्षांच्या आत उलटतो, आणि तो पोटातल्या गाठींत उलटत असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पाठ दुखेपर्यंत थांबले तर गाठ मोठी झालेली असते. मार्करवर विसंबू नका, सेमिनोमा उलटला तरी ते बऱ्याचदा नॉर्मल राहतात. किरणांची काळजी वाटत असेल तर एमआरआय मागा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ट्रिस्ट चाचणीत तो सीटीच्या तोडीचा ठरला, पण वाचणारा सरावाचा हवा. लहानपणी हर्निया किंवा वर राहिलेल्या वृषणाचे ऑपरेशन झाले असेल तर तेही सांगा, मग ओटीपोटही स्कॅनमध्ये घ्यावे लागते.

कृष्णाकाठ
कामासाठी तो वर्षातले सहा महिने बाहेरगावी असतो. कार्बोप्लॅटिन घेतले तर तपासण्या सुटतील का?

चाफा
सुटणार नाहीत. अशा नोकरीत तारखा चुकणार असतील तर मी कार्बोप्लॅटिनकडे झुकेन, पण उलटणाऱ्या थोड्यांना शोधायला स्कॅन लागतातच. दुसऱ्या वृषणालाही धोका असतो. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर हाताने तपासायला शिकवा. औषध घेतल्यास मूल होऊ देण्याआधी किती थांबायचे ते आधीच विचारा, साधारण वर्षभर सांगतात.

अनुस्वार
एखाद्या स्कॅनमध्ये सेंटीमीटरभर गाठ दिसली तर लगेच केमो सुरू करू नका. मार्कर नॉर्मल असतील तर सहा-आठ आठवड्यांनी परत स्कॅन करून वाढ बघतात. तुलनेला जुन्या सीटीची सीडी लागते, नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. प्रत्येक वेळी ती मागून घ्या.