मदत हवी आहे : सुंदरबनात सुंदरीचे झाड बोटीतून कुठे दिसेल?

जानेवारीत गोदखालीहून दोन दिवसांच्या बोटीने पश्चिम बंगालमधील सुंदरबनात जाणार आहोत. सजनेखाली, सुधन्याखाली व दोबांकी हे थांबे ठरले आहेत. आईला जिने चढवत नाहीत, म्हणून तिथले निरीक्षण मनोरे वगळून बोटीतून दिसेल तेवढेच पाहायचे आहे. खाडीकाठची तिवरे मी ओळखतो. सुंदरी या खारफुटीच्या झाडाच्या पानाची रुपेरी मागची बाजू आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळे चित्रांत बारकाईने पाहिली आहेत, परंतु भरतीला मुळे बुडतात आणि भारताच्या बाजूला पाणी अधिक खारे असल्याने हे झाड मुळातच विरळ आहे. बोटवाल्यांना विचारले, तर ते वाघाचेच सांगतात. तरी या मार्गावर सुंदरी बोटीतून जवळून कुठे दिसते, आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे पाहण्यासाठी ओहोटी लागल्यावर किती वेळाने तिथे पोहोचावे?