रेगे + हिपहॉप, ब्रिटिश काहीतरी सुचवा ना

सनस्प्लॅशवाली:
मंडळी, गोवा सनस्प्लॅश या रेगे महोत्सवात एका साउंड सिस्टिमवर (मोठमोठे स्पीकर आणि डीजे घेऊन गाणी वाजवणारी टोळी) रेगेच्या बेसवर लंडनच्या उच्चारातला रॅप ऐकला आणि तेव्हापासून तसलंच शोधतेय. बॉब मार्ली पाठ आहे, अमेरिकन हिपहॉप कॉलेजपासून चालूच आहे. पण रॅपच्या मधे एक रेगे कोरस चिकटवलेला असतो ना, तसलं नकोय. एकच अल्बम सांगा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन.

बेसप्रेमी:
रूट्स मनूव्हा, 'ब्रँड न्यू सेकंड हँड', १९९९, विषय संपला. खरं नाव रॉडनी स्मिथ, दक्षिण लंडनमधल्या स्टॉकवेलचा, आईवडील जमैकाचे आणि वडील पेंटेकोस्टल चर्चमध्ये उपदेशक, त्यामुळे घरात बायबल आणि बाहेर साउंड सिस्टिम असं दोन्ही कानावर पडत मोठा झालेला माणूस. पहिलाच अल्बम, बिग दादा लेबलवर आला, बरंचसं प्रोडक्शन पण त्याचंच. त्याच वर्षी मोबो अवॉर्डमध्ये (ब्रिटनमधले कृष्णवर्णीय संगीताचे पुरस्कार) बेस्ट हिपहॉपचं बक्षीस मिळालं त्याला.

तू म्हणतेस तसं चिकटवलेलं यात काही नाही. 'जगल टिंग्ज प्रॉपर' लाव आधी. जाड घुमणारा आवाज, एकाच ओळीत लंडनची इंग्रजी आणि पात्वा ही जमैकन बोली, घाई कसली ती नाही, बीटच्या जरा मागे रेलून बोलतो. मला हे फार आवडतं कारण त्या काळात इंग्लंडमधले कितीतरी रॅपर न्यूयॉर्कचा उच्चार काढायचे आणि हा मात्र आपल्या घरात बोलतात तसाच बोलला.

आणि प्लीज फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, बेसलाइन गायबच होते. विसर्जन मिरवणुकीत ढोल जसा छातीत बसतो तसा हा बेस बसायला हवा.

जुनी_कॅसेट:
मी आधी मॅसिव्ह अटॅकचा 'ब्लू लाइन्स' सांगेन, १९९१. ब्रिस्टलची वाइल्ड बंच नावाची साउंड सिस्टिम होती, त्यातूनच ही पोरं आली. जमैकाचा होरेस अँडी गायलाय त्यात, 'फाइव्ह मॅन आर्मी' ऐका म्हणजे कळेल. मुळात हिपहॉप सुरू करणारा कूल हर्क हा जमैकातून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला गेलेला पोरगा, तिथे त्याच्या १९७३ च्या पार्टीपासून सगळं सुरू झालं, म्हणजे हे दोन्ही प्रकार घरचेच आहेत एकमेकांचे.

बेसप्रेमी:
काका, 'ब्लू लाइन्स' जबरदस्तच आहे, पण त्यात सोल पण भरपूर आहे आणि तिला रॅप हवाय. दुसरा नंबर त्याला देऊ.

सनस्प्लॅशवाली:
हेडफोन लावून सलग ऐकला!! पहिल्या दोन गाण्यांत म्हटलं किती संथ आहे हे, मग कधी मान डोलायला लागली कळलंच नाही. शब्द अर्धेच कळले, आता ओळी समोर ठेवून परत ऐकणार. पुढे काय?

बेसप्रेमी:
'रन कम सेव्ह मी', २००१. त्यातलं 'विटनेस' नक्की बघ, व्हिडिओत तो शाळेच्या स्पोर्ट्स डेला लहान मुलांबरोबर शर्यतीत पळतो, धमाल आहे. मग 'सिनी सिन सिन्स' ऐक, त्यात चर्चमधलं लहानपण आलंय. त्यानंतर २००२ चा 'डब कम सेव्ह मी', त्याच काळातल्या गाण्यांचे डब मिक्स आहेत त्यात, म्हणजे गाण्यातला आवाज कमी करून बेस आणि एको पुढे आणलेली रूपं, रॅप कमी आणि एको जास्त. तो रात्री ऐक, आणि काकांचा 'ब्लू लाइन्स' रविवारी सकाळी.