पिल्लांच्या शीटमध्ये लाल दिसतंय, रक्ती हगवण का मानमोडी (राणीखेत)?

कृष्णाकाठ (पलूस):
नमस्कार मंडळी, गावठी क्रॉस कोंबडीची दीडशेएक पिल्लं आहेत, महिन्याची झाली असतील, इकडं पावसाची झड लागलीय आणि शेडची एक बाजू भिजली. सकाळी तूस हलवताना बघतोय तर काही ठिकाणी चॉकलेटी चिकट फेसाळ घाण, वास तर नाक धरावं असा, आणि पाण्याच्या भांड्याजवळ लाल शेंबडासारखं. बरीच पिल्लं खातायत पण पाचसहा पंख पाडून कोपऱ्यात बसलीत. मेडिकलवाला म्हणतो अँटिबायोटिक द्या, शेजारचे म्हणतात मानमोडी आली, मिळंल त्या भावात विकून मोकळा हो. काय समजायचं?

माणदेशी:
भाऊ दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. चॉकलेटी फेसाळ वासाची जी आहे ती सीकमची, म्हणजे आंधळ्या आतड्यातली, निरोगी कोंबडीपण दर आठदहा वेळांत एकदा तशी टाकतेच. तिला बघून औषध पाजणारे लय बघितलेत. नेहमीची म्हणजे करडी-तपकिरी घट्ट आणि वर पांढरी टोपी, ते पांढरं युरिक ॲसिड, कोंबडी लघवी वेगळी करत नाही ना. उन्हाळ्यात पाणी जास्त पितात म्हणून पातळ होते, घास-शेवग्याचा पाला टाकला की हिरवी. पण लाल आहे आणि वर पिल्लं फुगून बसलीत, तर वाट बघू नका.

शिरवळचा विद्यार्थी:
व्हेटर्नरीला आहे म्हणून लिहितो. नारंगी-लालसर पापुद्रा एखाद्या ठिकाणी दिसला तर आतड्याचं अस्तर गळालेलं असतं, ते चालतं. पण तीन ते सहा आठवड्यांचं वय, ओलं लिटर (खालचं तूस), रक्त आणि पंख पाडलेली पिल्लं हे सगळं एकत्र म्हणजे पहिला संशय कॉक्सिडिओसिस, तीच रक्ती हगवण. हा आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी, बॅक्टेरिया नाही, त्यामुळं टेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक पाजून उपयोग नाही. अँप्रोलियम पाण्यातून द्यायचं, आजारी पिल्लू खायचं आधी सोडतं, पाणी मात्र पितं. आणि त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका, अँप्रोलियम त्या परजीवीचं बी१ जीवनसत्त्व तोडूनच काम करतं, तुम्ही वरून बी१ घातलं तर औषध वाया. प्रमाण पाकिटावर बघून किंवा दवाखान्यात विचारून घ्या. एखादं मेलंच तर ताजं असताना बर्फात ठेवून (फ्रीजरमध्ये नको) तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सीकम रक्तानं भरलेलं दिसलं की विषय मिटला.

रानवारा:
आमच्यात हळद-लसूण पाण्यात घालतात, सगळं बरं होतं 👍

बत्तीस शिराळा:
@रानवारा हळदीनं रक्त थांबत नाही दादा, तेवढ्यात निम्मी पिल्लं जातील. आणि मानमोडी म्हणणाऱ्यांनो, त्यात हिरवी पातळ हगवण तर असतेच पण तोंड उघडून श्वास, मान वाकडी, आणि लहानमोठी सगळीच पटापट मरायला लागतात. नुसत्या हिरव्या रंगावर जाऊ नका, उपाशी कोंबडीपण पित्तामुळं हिरवीच टाकते. मानमोडीवर औषध नाही, पहिल्या आठवड्यात लासोटा लस आणि पुढं दोन महिन्यांच्या सुमाराला आर-टू-बी लस हाच इलाज. पांढरी पाण्यासारखी हगवण ह्याच वयात दिसली तर गंबोरो (विषाणूचा दुसरा रोग) डोक्यात ठेवा. आणि आजारी पिल्लं बाजारात नेऊन विकायचा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं, दुसऱ्याच्या दारात रोग नेऊन टाकायचा होय?
लिटरचं सांगतो, आयमेरियाची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत रोग लावायच्या लायकीची होतात आणि नेहमीच्या फवारणीनं मरत नाहीत. भिजलेलं तूस सगळं काढा, कोरडं घाला, पाण्याची भांडी विटांवर ठेवा.

कृष्णाकाठ (पलूस):
अँप्रोलियम आणलं, बसलेली पिल्लं वेगळी केली. काढलेलं तूस उकिरड्यात टाकू का?

माणदेशी:
शेडपासून लांब, ताडपत्रीनं झाकून कुजवा. उघडं टाकलं तर दारातल्या मोकळ्या कोंबड्या पहिल्या तिथंच उकरायला जातात.