बाबांना मासे खायला कुठे न्यायचं?

*अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या मराठी मंडळींचा ग्रुप. मंगळवार, रात्री*

अमृता: मंडळी, मदत हवी आहे. सासू-सासरे वेंगुर्ल्याहून आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. तीन आठवडे झाले, बाबा तक्रार करत नाहीत, पण ताटाकडे बघून गप्प होतात. इंडियन स्टोअरमधलं फ्रोजन पापलेट आणून तळलं, तर एक घास खाऊन म्हणाले, "ह्याका मरान किती वर्षां झाली?" मिलवॉकीत बरा तळलेला मासा कुठे मिळतो? आम्ही ब्रूकफील्डला आहोत, अर्धा-पाऊण तास गाडी चालेल.

मंदार: शुक्रवारी कुठल्याही बारमध्ये घुस. फिश फ्रायची राजधानी आहे ही!

अमृता: गेलो ना. गेल्या शुक्रवारी हायवेलगतच्या एका ठिकाणी नेलं. बिअरच्या पिठातला कॉड आला, मनगटाएवढा जाड. बाबांनी काट्याने वरचं कवच उचकटलं, आतून वाफ आली, आणि मला विचारतात, "ह्यो मासो काय बटाटवडो?" तेलही जुनं होतं. घरी येईपर्यंत गाडीभर वास.

मंदार: 😂😂 बटाटवडो

शिल्पाताई: मंदार, "कुठल्याही बारमध्ये" असं सांगू नकोस रे. निम्म्या ठिकाणी फ्रोजन कॉडच असतो. अमृता, लेकफ्रंट ब्रूअरीत जा. कॉमर्स स्ट्रीटवर नदीकाठी, ट्रामच्या कंपनीचं जुनं वीजघर होतं, त्यात आहे. शुक्रवारी पोल्का बँड असतो, मुलं नाचतात, म्हातारी जोडपीही नाचतात. जुन्या काउंटी स्टेडियममधलं, ब्रूअर्स बेसबॉल टीमच्या मॅस्कॉटचं, बर्नी ब्रूअरचं मूळचं घरकुलही तिथेच ठेवलंय.

प्रकाशकाका: शिल्पा, तिथे नाचायला जायचं. अमृताच्या सासऱ्यांना मासा हवाय.

शिल्पाताई: मग तुम्हीच सांगा काका. मला माहीतच होतं तुम्ही उगवणार.

प्रकाशकाका: सांगतो. जेवण होऊ दे.

सचिन (अॅडमिन): शनिवारी मराठी शाळेला ओक क्रीकहून कोणी येतंय का? दोन मुलांना राइड हवी आहे.

प्रकाशकाका: अमृता, हे बघ. मी १९८८ साली इथे आलो. तेव्हा फिश फ्राय म्हटलं की पर्च. लेक पर्च, पिवळसर अंगावर काळपट उभे पट्टे, तळहाताएवढा मासा. मधून चिरून फुलपाखरासारखा उघडतात, कातडी ठेवतात आणि पातळ पिठात घोळवून तळतात. चव कशाच्या जवळ जाते सांगू? आपल्या मुडदुशीच्या. तशीच नाजूक, किंचित गोडसर, जिभेवर विरघळणारी. तुझ्या सासऱ्यांना कॉड देणं म्हणजे मुडदुशी मागणाऱ्याला भोपळ्याची भजी देणं.

तेव्हा हा पर्च समोरच्या मिशिगन तळ्यातूनच यायचा. नव्वदीच्या दशकात तो एकदम आटला. पिल्लं जगेनात. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी पाण्यातलं त्यांचं खाणंच गाळून खाल्लं, हे एक कारण. शेवटी आपल्या बाजूच्या तळ्यात पर्चची धंद्याची मासेमारीच बंद केली. आता ताटात येतो तो बहुतेक ईरी तळ्याचा, कॅनडाकडचा. म्हणून महाग. कॉडपेक्षा चार-सहा डॉलर जास्त मोजायची तयारी ठेव.

मेनूत चार नावं दिसतील. कॉड: काटा नाही, चवही बेताची, सगळा मान पिठाला. हॅडॉक: कॉडचा जरा बरा भाऊ. वॉलआय: गोड्या पाण्यातला, घट्ट मांसाचा, चांगला लागतो. आणि पर्च. वेट्रेस आली की "बेक्ड ऑर फ्राइड" विचारेल. "पॅन फ्राइड" होतं का, ते आपण विचारायचं. सगळीकडे होत नाही. जिथे होतं तिथे डोळे मिटून घ्यायचा.

आणि कुठे स्मेल्ट दिसला तर सोडू नकोस. बोटाएवढे चंदेरी मासे, काट्यासकट कुरकुरीत तळतात. डोळ्यासमोर मांदेली आण.

मंदार: काका, तोंडाला पाणी सुटलं. मी आत्ता फ्रिज उघडून उभा आहे. आत फक्त दहीभात.

अमृता: काका, थांबा, खरी अडचण सांगितलीच नाही. आई बाबांपेक्षा जास्त मासेखाऊ आहेत. पण त्यांचा शुक्रवार असतो, वैभवलक्ष्मीचा. अकरा धरलेत, आत्ता पाचवा झाला. गेल्या शुक्रवारी त्या घरीच होत्या, आणि बाबा नाक्यावर जाऊन आल्यासारखे अपराधी चेहऱ्याने परत आले.

सुलभाकाकू: अगं बाई! म्हणजे सगळा गाव शुक्रवारी मासे तळतो आणि हिचा शुक्रवारच उपास!

प्रकाशकाका: गंमत अशी की यांचाही तो उपासच. इथले जुने जर्मन, पोलिश लोक कॅथलिक. शुक्रवारी मटण-मांस वर्ज्य, मासा चालतो. १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा बारवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला स्वस्तात मासे द्यायला सुरुवात केली. तळं शेजारी, मासा फुकटासारखा. १९६६ मध्ये चर्चने वर्षभराची अट सैल केली, फक्त ईस्टरच्या आधीच्या लेंटमध्ये ठेवली. पण तोवर लोकांना चटक लागली होती. नियम गेला, तळण राहिलं.

नेहा: म्हणजे यांच्यात मासा उपासाला चालतो, आणि आपल्यात साबुदाणा की भगर यावर भांडणं 😄

सुलभाकाकू: आमच्याकडे दर चतुर्थीला होतं ते.

नेहा: काका, आम्ही शाकाहारी लोकांनी काय करायचं? ऑफिसचे लोक दर लेंटमध्ये चर्चच्या हॉलमध्ये ओढून नेतात. मी ब्रेड आणि कोबी खाऊन येते.

प्रकाशकाका: बटाट्याचे पॅनकेक माग. बटाटा किसून कांदा-अंडं घालून केलेलं जाड थालीपीठच ते, पण वर सफरचंदाचा लगदा देतात. पहिल्यांदा विचित्र वाटतं, तिसऱ्यांदा आवडतं. मात्र कशात तळतात ते विचार. काही जुन्या ठिकाणी जनावराची चरबी वापरतात. आणि माशाच्याच कढईत तळतात का, तेही विचार.

नेहा: अंडं. झालं. ब्रेड आणि कोबी.

शिल्पाताई: पॅनकेकवरून आठवलं, वेस्ट ॲलिसला केगल्स इन. १९२४ पासूनचं आहे, भिंतींवर जुनी चित्रं, रंगीत काचा. ब्रूकफील्डहून जवळ. पण साडेचारला पोचा. सहाला गेलात तर नाव देऊन बारजवळ तासभर उभं राहायचं. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्या गर्दीत त्यांना कोणीतरी ब्रँडी ओल्ड फॅशन्ड देऊ केलं. त्यांना वाटलं सरबत.

मंदार: प्यायल्या?

शिल्पाताई: अर्धं. मग म्हणाल्या, आंबट-गोड आहे, कोकमासारखं. पुढचं ग्रुपवर सांगत नाही.

अमृता: 🙈 पण शुक्रवार सोडून काहीतरी सांगा ना कोणीतरी.

प्रकाशकाका: बऱ्याच ठिकाणी बुधवारीही फिश फ्राय असतो, फोन करून विचार. पण तुझ्या जागी मी असतो तर थर्ड वॉर्डमधल्या पब्लिक मार्केटला नेलं असतं. तिथे सेंट पॉल फिश कंपनीचा गाळा आहे. बर्फावर मासे मांडलेले असतात, तिथेच बसून खाताही येतं. तुझ्या सासऱ्यांना आधी मासा बघू दे. आपला माणूस मासा बघितल्याशिवाय खात नाही, निम्मी भूक तिथेच भागते. आणि घाईच असेल तर कल्व्हर्स, ते फास्ट फूडवाले. रोज कॉड मिळतो, आणि कॉड असून बरा असतो.

सुलभाकाकू: मी तर म्हणते पर्चचे तुकडे कच्चेच आण आणि घरी तळ. आगळ, हळद, तिखट, मीठ, अर्धा तास. वरून तांदळाचं पीठ आणि रवा निम्मं-निम्मं. पातळ मासा आहे, एका बाजूला दोन मिनिटांच्या वर ठेवू नकोस. आणि तळण्याआधी स्मोक अलार्मखाली टॉवेल घेऊन माणूस उभा कर. आमच्याकडे हे काम काकांचं.

मंदार: आमच्या अपार्टमेंटमध्ये बांगडे तळले होते, खालच्या मजल्यावरच्या बाईने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

सचिन (अॅडमिन): राइडचं कोणी उत्तर दिलं नाही. मासे संपल्यावर बघा प्लीज.

प्रकाशकाका: अमृता, मार्केटला गेलात की तसंच पुढे दक्षिणेला जोन्स आयलंडपर्यंत जाऊन या. आता तिथे बंदर आणि सांडपाण्याचा मोठा कारखाना आहे, खिडक्या बंद ठेव. पण १८७० नंतर तिथे बाल्टिक किनाऱ्यावरून आलेल्या काशुबियन कोळ्यांची वस्ती होती. होड्या, जाळी वाळत घातलेली, मासे धुरी द्यायच्या खोपट्या. या शहराचा कोळीवाडाच तो. बंदर वाढवायला शहराने त्यांना उठवलं, शेवटचे लोक १९४० च्या दशकात गेले. त्यांच्या नावाची इवलीशी बाग उरलीय, काशुब्स पार्क. शहरातली सगळ्यात लहान.

अमृता: हे बाबांना नक्की दाखवते. आमच्याकडे बंदराच्या गप्पा सुरू झाल्या की संपत नाहीत.

मंदार: डोअर काउंटीचं फिश बॉइल पण दाखव.

शिल्पाताई: नको गं! उकडलेला मासा आणि उकडलेला बटाटा. ते वेंगुर्ल्याला कळलं तर तुला माहेरी पाठवतील.

*गुरुवार, रात्री*

अमृता: रिपोर्ट देते. काल मार्केटला गेलो चौघं. बाबा बर्फासमोर वीस मिनिटं उभे. तिथल्या पोराला खुणेने म्हणाले, कल्ले उघडून दाखव. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याने हातमोजा घालून खरंच उघडून दाखवले! बाबांनी वाकून बघितलं, मान हलवली, "बरो हा." त्या पोराने अंगठा दाखवला.

शिल्पाताई: वा!

अमृता: मग तळलेला पर्च मागवला. पहिला तुकडा बाबांनी आईंना दिला. आईंनी टार्टर सॉस बाजूला सारला, लिंबू पिळलं, खाल्लं, आणि पर्समधून छोटी डबी काढली. तिखट-मीठ! घरून आणलं होतं. आम्हाला कुणाला माहीतच नाही. मग काय, चौघांत दोन प्लेट संपल्या, तिसरी आली. पावाला कोणी शिवलंही नाही.

प्रकाशकाका: मुडदुशी?

अमृता: काका, मी काहीच सांगितलं नव्हतं. आईच म्हणाल्या, मुडदुशीची बहीण दिसता.

सुलभाकाकू: 👏👏

अमृता: पण गाडीत बसल्यावर बाबांचा प्रश्न. "सगळे तुकडेच देतत. डोकी खंय जातत?" घरी येईपर्यंत तोच विषय. डोक्याचं कालवण करायचंय म्हणे.

प्रकाशकाका: डोक्यासकट हवा असेल तर स्वतः पकडावा लागेल. रविवारी सकाळी मी मॅकिन्ली मरीनाच्या धक्क्यावर गळ टाकून बसणार आहे. धंद्याची मासेमारी बंद आहे, पण गळाने हौशी लोक धरू शकतात. लायसन लागतं, बाहेरच्यांना एक दिवसाचंही मिळतं. मे-जूनची बंदी संपलीय. पाठव त्यांना माझ्याबरोबर.

अमृता: विचारते.

अमृता: विचारलं. किती धरता येतात म्हणून विचारतायत.

प्रकाशकाका: माणशी दिवसाला पाच.

अमृता: "पाचात काय होता?" म्हणतायत. पण टोपी शोधायला उठलेत.

प्रकाशकाका: साडेपाचला तयार ठेव. माझे पाच पण त्यांनाच देईन. म्हणजे नशिबाने लागले तर. गेल्या रविवारी मला एक लागला होता.

सचिन (अॅडमिन): काका, ओक क्रीकची दोन मुलं??