अनुभव धागा : 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं'

सड्यावरचा

आमच्या बाजूला कुणी जरा विचित्र वागला की 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवं' म्हणतात. ठाणेकर स्वतःच्या गावाबद्दल हेच ऐकून घेतात. पुण्याकडचे येरवडा म्हणतात, तिथे तुरुंगही असल्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो वेगळा. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, त्यामुळे विनोद सगळीकडे एकच, फक्त गाव बदलतं. मीसुद्धा शाळेत हा विनोद केलाय. घरी काका असताना.

काका परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. त्या पावसाळ्यात ते गावी आले ते परत गेलेच नाहीत. रात्री उठून खळ्यात फेऱ्या मारायचे, न दिसणाऱ्या कुणाशी तरी भांडायचे. 'संपाने डोक्यावर परिणाम झाला' हे घराचं ठरलेलं उत्तर. ते खपायचंही, कारण तेव्हा संपाने प्रत्येकाचं काही ना काही झालं होतं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात वीस वर्षांनी शिरला. हा आजार बहुतेकदा ऐन विशी-पंचविशीतच डोकं वर काढतो, शंभरात साधारण एकाला होतो, संप झाला नसता तरी कदाचित झाला असता, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं संपाला शिव्या घातल्या त्या फुकट."

गणपतीत घर मुंबईकरांनी भरायचं. त्या दिवसांत काकांची रवानगी बागेतल्या मांगरात. विचारणाऱ्याला सांगायचं, 'बागेच्या राखणीला गेलेत'. भाद्रपदात आंब्या-काजूच्या बागेत राखायचं काय, हे कुणी विचारलं नाही. नैवेद्याचं ताट पोचवायचं काम माझ्याकडे. एकदा ताट ठेवलं तर काका म्हणाले, "आज आरती कुणी उचललीन रे? सूर फार वर धरलान." रोज संध्याकाळी ते तिथे बसून आमची आरती ऐकत होते.

पुढे महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. त्यानंतरच्या दुसऱ्या गणपतीत काका माजघरात झांज घेऊन उभे राहिले आणि खालच्या सुरात आरती सुरू केली. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तर लिहा. स्वतःचं, घरातलं, शेजारचं. नियम एकच, माणसाचं आणि गावाचं नाव लिहायचं नाही.

माहेरवाशीण

पहिलं बाळंतपण माहेरी. बारसं झालं आणि मला बाळाला जवळ घ्यावंसंच वाटेना. झोप नाही, भूक नाही, डोळ्यांचं पाणी थांबत नाही. हे मूल दुसऱ्या कुणाचं आहे, मला फक्त सांभाळायला दिलंय, असं वाटायचं. आजीने निदान केलं की ओली बाळंतीण तिन्हीसांजेला विहिरीवर गेली. मी गेलेच नव्हते, आमच्याकडे नळ आहे. तरी नारळ उतरवून झाला, अंगारा झाला, भगत येऊन कोंबडा घेऊन गेला.

मी सगळं निमूट करून घेतलं. का, ते खरं लिहिते. 'माजलीय', 'हिला पोर नकोय' यापेक्षा 'हिला लागलंय' ऐकायला बरं वाटायचं. त्या दीड महिन्यात माझी बाजू घेणारं भूत तेवढं एकच होतं. अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, बाई भगताकडे जाते तेव्हा कधीकधी दुसरीकडे कुणी तिला निर्दोष ठरवलेलं नसतं.

बाळाला दीड महिन्याचे डोस द्यायला आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरने बाळाचं वजन केलं आणि मला विचारलं, "तू जेवतेस का गं?" मी तिथेच बांध फुटल्यासारखी रडले. बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणतात याला, शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतिणींना होतं म्हणे. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात हेही तिथेच कळलं. तीन आठवडे काही फरक नाही. मग एका सकाळी चहाला चव लागली.

सासरी अजून माहीत नाही. नवरा 'थायरॉइडची गोळी' सांगतो.

काउंटरच्या आतून

माझं तालुक्याच्या गावात मेडिकल आहे. वरचं 'थायरॉइडची' वाचून हसू आलं, माफ करा ताई. आमच्याकडे या गोळ्या झोपेच्या, ताकदीच्या, पित्ताच्या आणि थायरॉइडच्या अशा चार नावांनी जातात. कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत. आमच्या गावचे पेशंट एसटीने शेजारच्या तालुक्यात जाऊन गोळ्या घेतात आणि तिकडचे आमच्याकडे येतात. मधल्या स्टँडवर एकमेकांना भेटत असणार.

एक गुरुजी काउंटरवरच पाकिटातून एकेक गोळी काढून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरायचे. त्यांना म्हटलं, गुरुजी, नातवाच्या हाती लागली तर? पाकिटावरचं नाव गेलं, तारीख गेली, उद्या तुम्हाला चक्कर आली तर दवाखान्यात काय सांगणार? ते म्हणाले, "चक्कर परवडली."

दुसरी अडचण जास्त मोठी. बीपीची गोळी चुकली की बायको ओरडते, सून आठवण करते. ही गोळी चुकली तर ओरडणार कोण, घरात कुणाला माहीतच नाही. मग महिनाभरात बरं वाटलं की माणूस मनानेच बंद करतो आणि सहा महिन्यांनी जास्त बिघडून येतो.

सवयीबद्दलही सगळे विचारतात. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची. गंमत म्हणजे त्याच गोळ्या लोक न लाजता मागतात, वर चिठ्ठीशिवाय द्या म्हणून भांडतात.

तांडेल

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, पाऊस, हातात काम नाही. तीन वर्षांपूर्वी त्या दोन महिन्यांत मला उठवेना. नारळी पौर्णिमा झाली, सगळे दर्यावर गेले, मी खाटेवर.

दारू पितो म्हटलं की गावात चार माणसं सोबतीला येतात. गोळी घेतो म्हटलं की तीच चार माणसं बोटीवर यायला कां-कूं करतात. "दर्यात मध्येच फिरलास तर?" पिऊन सुकाणू धरलं तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याआधी एकदा जीव द्यायला निघालो होतो. कसा ते लिहीत नाही. वाचलो. पोलीस केस होईल म्हणून भावाने दवाखान्यात 'जेटीवरून घसरून पडला' असं लिहायला लावलं. त्यामुळे मला हाडांचा डॉक्टर मिळाला, मनाचा नाही मिळाला. आता कळतं, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उलट सरकारने त्याला उपचार द्यायचे असतात. भावाचा राग नाही. त्याला जे माहीत होतं ते त्याने केलं.

14416 हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर वहिनीने भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री दीडला लावला होता. त्या बाईने आधी पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं.

गुरवाघरचो

आमी देवाक गाऱ्हाणाय घातलव नि डॉक्टराकडेय गेलव. कौल लागलो, 'औषध कर'. देवाची चिठ्ठी घेवन डॉक्टराकडे गेलेलो भाव माझोच. आज बाग बघता.

सुटीवर नसलेली

मी बायपोलर, म्हणजे मन कधी उगाच उधाणतं, कधी तळाला जातं. त्यावर लिथियम घेते, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासून पातळी बघावी लागते. लिथियम हा क्षारच, त्यामुळे घाम जाऊन अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की त्याची रक्तातली पातळी वाढते. कोकणातला मे महिना आणि लिथियम! लग्नाच्या मांडवात मी पाण्याची बाटली घेऊन फिरते, बायका म्हणतात डाएट करतेय.

पहिल्या स्थळाला सगळं सांगितलं. छत्तीसात अठ्ठावीस गुण जुळले होते. चार दिवसांनी निरोप आला की मुलाला इतक्यात करायचं नाही. पुढच्या महिन्यात त्याच मुलाची पत्रिका आमच्या घरी आली, लग्नाची. वडील म्हणाले, पुढच्या वेळी गप्प बस. वकील असलेला मामा म्हणाला, लपवू नका, उद्या हेच कोर्टात जातं. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये मानसिक आजाराचा उल्लेख आहे. अर्थात नुसता आजार असला म्हणून लग्न अडत नाही, तो किती आणि कसा हे बघतात. तिथेच 1976 साली फेफऱ्याचाही उल्लेख घातला होता, तो 1999 साली काढला. मामाने हे मला उत्तेजन म्हणून सांगितलं. तेवीस वर्षं लागली, मी तेवढी थांबू का?

बँकेत नोकरी करते. सलग सात वर्षं आजारपणाची रजा नाही.

जुना अटेंडंट

मनोरुग्णालयात नोकरी केली, आता निवृत्त. कुठल्या ते विचारू नका, नियम आहे.

पेशंट बरा झाला की घरी पत्र जायचं, न्यायला या. कितीतरी पत्रं परत यायची, 'या पत्त्यावर असे कोणी राहत नाही'. भरती करतानाच खोटा पत्ता दिलेला. एक जण स्वतः वाट सांगायला तयार झाला, म्हणून समाजसेवा अधीक्षक, मी आणि ड्रायव्हर त्याला घेऊन निघालो. नदी, देऊळ, शाळा, त्याने एकही वळण चुकवलं नाही. दारात आई होती. तिने त्याला बघितलं आणि आधी शेजाऱ्यांच्या घराकडे बघितलं.

नंतर कळलं, गावात सांगितलं होतं की मुलगा अकरा वर्षं मस्कतला आहे. कोकणात हे सहज पचतं, प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी आखातात असतंच. वाडीतली पोरं गाडीभोवती जमली आणि त्याला विचारायला लागली, काका, काय आणलंत? तो माझ्याकडे बघायला लागला. आमच्या ड्रायव्हरच्या खिशात मुलीसाठी घेतलेली चॉकलेटं होती, ती त्याने गुपचूप त्याच्या हातात दिली. त्याने वाटली.

आईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना हळूच म्हणाली, पुढच्या वेळी ह्या गाडीने येऊ नका, पाटी आहे तिच्यावर.

दोन तासांवर

सगळं पटतं, पण लाज सोडून उठलो तरी जायचं कुठे? आमच्या गावातून मनाच्या डॉक्टरांपर्यंत बसने दोन तास, पावसात घाट बंद झाला की तेही नाही. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार शेकडा 70 ते 92 लोक उपचारांविना आढळले होते. ते 12 राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. सगळं खापर समाजाच्या मानसिकतेवर फोडलं की बस आणि डॉक्टर मागायचं राहून जातं.

आणि धागाकर्त्याला एक प्रश्न. नाव-गाव लिहायचं नाही हा नियम कशाला? मधुमेहाचा धागा काढला असता तर हा नियम घातला असता का?

सड्यावरचा

नसता घातला.

दोन दिवस उत्तर लिहून खोडतोय. इथे लिहिणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, असं आधी लिहिलं होतं. ते अर्धंच खरं आहे. भाचीसाठी स्थळं बघणं चालू आहे. धागा काढला त्याच रात्री ताईचा फोन आला होता, काकांबद्दल लिहिलंस ते चांगलं केलंस, पण आपलं आडनाव कुठे नाही ना आलं? मी नाही म्हटलं, आणि तिला तसं सांगता आलं याचं मला बरं वाटलं.